साडेबारा लाखांची ‘स्वस्त’ गिरणी जमशेदजी टाटांना केवढ्याला पडली? जागेची खरी किंमत ओळखण्याची गोष्ट

गोष्ट आहे १८८६ सालची. मुंबईजवळ कुर्ल्यात एक भली मोठी कापड गिरणी विकायला निघाली होती. नाव धरमसी मिल. जमीन होती, इमारती होत्या, यंत्रं बसवलेली होती. उभी करायला जेवढा पैसा लागला होता, त्याच्या कितीतरी कमी किमतीत ती मिळत होती. फक्त साडेबारा लाख रुपये.

घेणारा माणूस नवखा नव्हता. कापड धंद्यात त्याचं नाव झालं होतं, नागपूरची त्याची गिरणी नफ्यात होती आणि जागा पारखण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे होते. त्याचं नाव जमशेदजी नसरवानजी टाटा.

त्यांनी गिरणी घेतली आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या संकटात सापडले.

आज आपण फ्लॅट, प्लॉट किंवा दुकान घेताना पहिला प्रश्न विचारतो की भाव काय चाललाय. दुसरा प्रश्न, अजून किती कमी होईल. पण जागेचा भाव वेगळा आणि जागेची किंमत वेगळी. हा फरक जमशेदजी नागपुरात अचूक ओळखून होते, कुर्ल्यात मात्र चुकले, आणि त्या चुकीतून सावरून पुढे मुंबईत मोठी मिळकत उभी करू शकले. टाटा म्हटलं की आपल्याला पोलाद, वीज आणि ताज हॉटेल आठवतं. आज त्यांच्या आयुष्याकडे थोडं वेगळ्या बाजूने पाहू. जागा विकत घेणारा माणूस म्हणून.

नवसारीचा मुलगा आणि मुंबईतली पहिली आपटी

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारीत झाला. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी मात्र पिढीजात वाट सोडून मुंबईत व्यापाराला आले होते. तेराव्या वर्षी जमशेदजीही मुंबईत आले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ मध्ये शिक्षण संपवून वडिलांच्या धंद्यात शिरले. पुढच्याच वर्षी ते हाँगकाँगला गेले आणि तिथे त्यांनी व्यापाराची शाखा उभी केली.

तेवढ्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. सगळी मागणी मुंबईकडे वळली आणि शहरात पैशाचा पूर आला. हा पैसा जिरवायला नवनव्या बँका आणि कंपन्या निघाल्या. त्यात सगळ्यात जास्त हवा होती ती समुद्रात भर घालून जमीन तयार करणाऱ्या कंपन्यांची. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला.

आता गंमत बघा. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्या नावाने लोक दहापट पैसे मोजत होते. त्या जमिनीवर काय उभं राहणार, भाडं किती येणार, काम पूर्ण तरी कधी होणार, याचा हिशेब कुणी मांडत नव्हतं. उद्या दुसरा कुणीतरी जास्त भाव देईल, एवढ्याच भरवशावर खरेदी चालली होती.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि त्या वर्षीच्या जुलैत मुंबईचा सट्टाबाजार पत्त्यांच्या बंगल्यासारखा पडला. मोठमोठी घराणी रस्त्यावर आली. टाटांची पेढीही यातून सुटली नाही. जमशेदजी तेव्हा बँकेच्या कामासाठी लंडनमध्ये होते. त्यांच्याजवळच्या कागदांना कवडीचीही किंमत उरली नाही. पण ते पळाले नाहीत. देणेकऱ्यांसमोर जाऊन त्यांनी खरी परिस्थिती मांडली. त्या लोकांनी त्यांच्यावर इतका विश्वास टाकला की हिशेब मिटवण्याचं काम महिना वीस पौंड पगारावर त्यांच्याकडेच सोपवलं. इकडे मुंबईत देणी फेडण्यासाठी नसरवानजींनी राहतं घर विकलं.

वयाच्या सव्विसाव्या वर्षी मिळालेला हा धडा जमशेदजी विसरले नाहीत. बाजारातला भाव ही लोकांची त्या दिवसाची मनःस्थिती असते. जागेची किंमत तिच्यातून होणाऱ्या कामावर ठरते.

दिवाळखोर तेलगिरणी आणि पहिला नफा

१८६८ मध्ये एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर जमशेदजींनी स्वतःची पेढी सुरू केली. त्याच सुमारास ॲबिसिनियावर निघालेल्या ब्रिटिश फौजेला माल पुरवण्याच्या कंत्राटात टाटांचा वाटा होता. त्यातून घराण्याची बसलेली घडी पुन्हा उभी राहिली.

हातात पैसा आल्यावर १८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीतली एक बंद पडलेली तेलगिरणी घेतली. तेलाच्या धंद्यासाठी ती जागा बुडीत होती. कापडाच्या धंद्यासाठी मात्र ती उपयोगाची होती. जमशेदजींनी तिथे कापड गिरणी सुरू केली, तिचं नाव अलेक्झांड्रा ठेवलं आणि दोन वर्षांत कापसाचे दलाल केशवजी नाईक यांना ती चांगल्या नफ्यात विकली.

जागा तीच, भिंती त्याच. बदलला फक्त वापर. विकणाऱ्याला जे दिसत नाही ते घेणाऱ्याला दिसलं तर व्यवहार जमतो. पण उलटंही होऊ शकतं. विकणाऱ्याला जे ठाऊक असतं, ते घेणाऱ्याला दिसत नाही. ते कळायला अजून सतरा वर्षं होती.

नागपूरची दलदल

यानंतर जमशेदजी इंग्लंडला गेले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचं काम त्यांनी बारकाईने पाहिलं. परत आल्यावर नवी गिरणी काढायचं ठरलं. १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली.

त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई, असं समीकरण होतं. बंदर इथे, बाजार इथे, पैसा इथे. जमशेदजींनी मात्र साधा प्रश्न विचारला. कापूस पिकतो कुठे? कोळसा निघतो कुठे? सूत विकत घेणारे कुठे राहतात? आणि या सगळ्याला जोडणारी रेल्वे कुठे आहे?

या चार प्रश्नांची उत्तरं घेऊन ते स्वतः मध्य हिंदुस्थानात फिरले. जबलपूरजवळ नर्मदेच्या पाण्यावर यंत्रं चालवता येतील, असा विचार त्यांनी आधी केला होता. जागा मनात भरली होती. पण तिथे एका फकिराचं बस्तान होतं आणि आसपासच्या लोकांवर त्याचा मोठा प्रभाव होता. त्याला हलवून गिरणी उभी केली असती तर शेजारपाजार कायमचा विरोधात गेला असता. जमशेदजींनी त्या जागेचा नाद सोडला. कागदावर सगळं जमत असूनही ताबा निर्वेध नसेल तर जागा घेऊ नये, हे त्यांना कळत होतं.

शेवटी नजर नागपूरवर स्थिरावली. हिंगणघाटचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, मुंबईची रेल्वे दारात, आणि नागपूर परिसरात हातमागावर बसणारे हजारो कोष्टी विणकर, म्हणजे सुताचं हक्काचं गिऱ्हाईक.

जागा मात्र कुणालाही हसू येईल अशी होती. जुम्मा तलावाच्या काठची, रेल्वे स्टेशनजवळची दलदल. ती जमशेदजींनी नागपूरच्या भोसले राजांकडून स्वस्तात घेतली आणि गाड्यांमागून गाड्या माती टाकून भरून काढायला सुरुवात केली. नागपुरातल्या एका सावकाराने या कामाला कर्ज द्यायला नकार दिला, कारण हा माणूस चिखलात सोनं पुरतोय असं त्याला वाटलं. पुढे त्यानेच कबूल केलं की या माणसाने माती टाकली आणि सोनं काढलं, असा किस्सा टाटांच्या चरित्रांमधून सांगितला जातो.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस मिल पडलं.

सगळं पहिल्या दिवसापासून सुरळीत झालं असं नाही. सुरुवातीला घेतलेली यंत्रं हलकी निघाली, सूत चांगलं निघेना. जमशेदजींनी ती यंत्रं काढून टाकली आणि नवी बसवली. बेझनजी मेहता या रेल्वेतल्या अधिकाऱ्याला त्यांनी गिरणीचा कारभार दिला. हळूहळू एम्प्रेस मिल देशातल्या उत्तम गिरण्यांत गणली जाऊ लागली.

इथे थांबून एक गोष्ट बघा. यंत्रं चुकली तरी गिरणी तरली, कारण यंत्रं बदलता येतात. कापूस, कोळसा, रेल्वे आणि गिऱ्हाईक ही जागेची अंगभूत किंमत होती. आपल्या घराचंही असंच असतं. टाईल्स, किचन, रंग बदलता येतो. रस्त्याची रुंदी, पावसाळ्यात साचणारं पाणी, स्टेशनचं अंतर आणि शेजारचा नाला बदलता येत नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये मात्र आपल्याला नेमकं तेच दाखवलं जातं जे बदलता येतं.

कुर्ल्याची चूक

आता १८८६. जमशेदजींना आता बारीक सुताचं चांगलं कापड देशात तयार करायचं होतं. या गिरणीचं नावही त्यांनी स्वदेशी ठेवायचं ठरवलं होतं. बंगालच्या फाळणीनंतरची स्वदेशी चळवळ अजून जवळपास वीस वर्षं दूर होती.

नवी गिरणी बांधायची तर दोन-तीन वर्षं जाणार. आणि इथे तयार गिरणी समोर उभी होती. साडेबारा लाखांत. घाई आणि स्वस्ताई एकत्र आली की शहाणा माणूसही अर्धेच प्रश्न विचारतो. जमशेदजींनी सौदा केला.

आत गेल्यावर खरं चित्र दिसलं. यंत्रं झिजलेली, कित्येक निकामी. एक दुरुस्त करावं तर दुसरं बंद पडे. मजुरांची टंचाई इतकी की बाहेरच्या प्रांतांतून माणसं आणण्याचे प्रयत्न करावे लागले. सूत इतकं सुमार निघू लागलं की परदेशातल्या व्यापाऱ्यांनी घेतलेल्या ऑर्डरी रद्द केल्या. शेअर्सचा भाव घसरला. बाजारात कुजबूज सुरू झाली की टाटा आता बुडणार.

बँकांनी हात आखडता घेतला. पैसा उभा करण्यासाठी जमशेदजींनी कुटुंबासाठी बाजूला ठेवलेला ट्रस्ट मोडला आणि एम्प्रेस मिलचे स्वतःकडचे काही शेअर्स विकले. म्हणजे नागपूरच्या चिखलातून काढलेलं सोनं कुर्ल्याच्या गिरणीत ओतावं लागलं. नागपूरची तरबेज माणसं त्यांनी कुर्ल्याला आणली. जुनी यंत्रं काढून नवी बसवली. स्वतः तिथे तासन्‌तास उभे राहिले.

अखेर गिरणी सुधारली. स्वदेशीच्या सुताला पुढे चांगलं नाव मिळालं. पण त्यासाठी वर्षं गेली, आणि साडेबारा लाख हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता ठरला.

चूक नेमकी कुठे झाली? जमशेदजींनी मूळ खर्चाशी तुलना केली. एवढ्या खर्चाची गिरणी एवढ्यात मिळतेय, म्हणजे फायदाच. पण मूळ मालकाने किती खर्च केला होता, याला घेणाऱ्याच्या दृष्टीने काहीच अर्थ नसतो. आज ती वस्तू कोणत्या अवस्थेत आहे आणि ती चालती करायला अजून किती लागेल, एवढाच हिशेब खरा.

पुनर्विक्रीचा फ्लॅट घेताना हीच गफलत होते. नव्या इमारतीत एक कोटी, इथे सत्तर लाख, म्हणजे तीस लाख वाचले, असा हिशेब आपण करतो. मग गळकी गच्ची, गंजलेले कॉलम, सोसायटीची थकबाकी, नसलेलं भोगवटा प्रमाणपत्र, बंद लिफ्ट असं एकेक बाहेर येतं. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सौद्याच्या आधी मागितला तर काही हजारांचा प्रश्न असतो. नंतर मागितला तर लाखांचा.

जी जागा घेतलीच नाही

जमशेदजींच्या आयुष्यात एक व्यवहार असाही आहे जो त्यांनी केला नाही. १८८२ च्या सुमारास चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या लोखंडाच्या साठ्याचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. खनिज उत्तम होतं. वरोऱ्याचा कोळसा फार दूर नव्हता. पोलादाचा कारखाना काढायला सगळं जुळलेलं वाटत होतं.

जमशेदजींनी कोळशाचे नमुने परदेशात तपासून घेतले. निष्कर्ष आला की हा कोळसा लोखंड वितळवण्याच्या कामाचा नाही. त्यात खाणींच्या सरकारी अटीही जाचक होत्या. स्वप्न कितीही मोठं असलं तरी त्यांनी पाऊल मागे घेतलं आणि जवळपास वीस वर्षं वाट पाहिली. पुढे तज्ज्ञांनी जंगलं पालथी घालून जागा शोधली ती साकचीची. सुवर्णरेखा आणि खरकाई नद्यांच्या संगमाजवळ, लोखंड आणि कोळसा दोन्ही आवाक्यात. ते आजचं जमशेदपूर. कारखान्याची कंपनी १९०७ मध्ये उभी राहिली. तो दिवस पाहायला जमशेदजी नव्हते.

तपासणीचा अहवाल आपल्या मनासारखा आला नाही की आपण दुसरा वकील, दुसरा इंजिनिअर शोधतो. तसं न करता सौदाच सोडणं हेही जागेची किंमत ओळखणंच आहे.

मुंबईतल्या इमारती आणि प्लेगची छाया

कुर्ल्याच्या अनुभवानंतर जमशेदजींनी जागा घेणं थांबवलं नाही. मुंबईत त्यांनी बरीच घरं आणि जमिनी घेतल्या, भाड्याने देण्यासाठी हवेशीर इमारती बांधल्या. स्वतःसाठी फोर्टमध्ये एस्प्लनेड हाऊस हा वाडा बांधला. शहर उत्तरेकडे सरकणार हे ओळखून माहीमच्या खाडीपलीकडे, जुहूच्या बाजूला भर घालून नवी वस्ती वसवण्याची योजना त्यांनी आखली होती. साष्टी बेटातल्या शेतजमिनीवर घरं बांधली की सरकार जी वाढीव आकारणी लावत असे, तिलाही त्यांनी विरोध केला. आज ज्याला आपण बिनशेती म्हणजे एनए म्हणतो, तो प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीही खरेदीदाराच्या डोक्याला ताप देत होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लाखो लोक शहर सोडून गेले. अशा वेळी जागेत पैसा घालणं म्हणजे वेडेपणा वाटावा. त्याच काळात जमशेदजींनी अपोलो बंदराजवळ ताजमहाल हॉटेलचं काम सुरू केलं. एका हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर तुम्ही वाचली असेल. तिला ठोस पुरावा नाही. बंदरात उतरणाऱ्या प्रवाशाला मुंबईत राहण्याजोगं हॉटेल नव्हतं, ही गरज मात्र खरी होती. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताज सुरू झालं तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हतं. ते पूर्ण झालं १९२४ मध्ये. आज जी जागा आपल्याला मुंबईचं तोंड वाटते, ती तशी होणार हे जमशेदजींनी आधी ओळखलं होतं.

तीस लाख म्हणजे नक्की किती?

जमशेदजींच्या मिळकतीचा सगळ्यात मोठा हिशेब झाला तो दान करताना. देशात उच्च विज्ञान संशोधनाची संस्था असावी म्हणून त्यांनी मुंबईतल्या चौदा इमारती आणि चार जमिनी देऊ केल्या. या मालमत्तेची किंमत तीस लाख धरली होती आणि वर्षाचं उत्पन्न सव्वा लाख.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. तीस लाखांवर वर्षाला सव्वा लाख, म्हणजे साधारण चार टक्के. संस्था चालणार होती ती या सव्वा लाखांवर. म्हणूनच हे उत्पन्न पुढेही टिकेल का, हा प्रश्न सरकारी चर्चेत आलाच. प्लेगने पोखरलेल्या शहरात भाडं येतच राहील याची खात्री काय?

प्रश्न दात्याला टोचणारा असला तरी योग्य होता. हाच हिशेब तुम्हीही करू शकता. समजा फ्लॅट ऐंशी लाखांचा आहे आणि तसाच शेजारचा फ्लॅट महिना वीस हजार भाड्याने जातो. वर्षाचे झाले दोन लाख चाळीस हजार, म्हणजे तीन टक्के. त्यातून मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा करा. आता कर्जाचा व्याजदर शेजारी लिहा. मधला जो फरक दिसतो, तो तुम्ही भविष्यात भाव वाढेल या आशेसाठी मोजताय. आशा ठेवायला हरकत नाही, पण ती किती रुपयांची आहे हे माहीत हवं.

जमशेदजींची ही संस्था १९०९ मध्ये बंगळुरात स्थापन झाली. म्हैसूरच्या राजघराण्याने तिला जमीन दिली. आज तिला आपण इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून ओळखतो. जमशेदजी मात्र १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे वारले होते.

मग आपण काय घ्यायचं?

जमशेदजींच्या व्यवहारांतून निघणारे प्रश्न थोडकेच आहेत. टोकन देण्याआधी ते कागदावर लिहून काढा.

• ताबा आणि मालकी कुणाची? जमीन असेल तर सात-बारा आणि फेरफार, शहरात प्रॉपर्टी कार्ड, आणि वकिलाकडून जुन्या नोंदींचा शोध. जबलपूरचा फकीर आठवा.

• जे बदलता येत नाही ते कसं आहे? पाणी, रस्ता, वाहतूक, शेजार. जागा एकदा भर पावसात आणि एकदा रात्री बघा.

• आजची अवस्था काय आणि चालतं करायला अजून किती लागेल? कुर्ल्याची गिरणी आठवा.

• शेजारी प्रत्यक्ष व्यवहार किती रुपयांना झाले? जाहिरातीतला भाव आणि रेडी रेकनर हे दोन्ही आकडे सौद्याचा भाव सांगत नाहीत. नोंदणी झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स-२ बघा.

• अजून बांधूनच झालेलं नसेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मुदत आणि खटले तपासा. १८६५ मध्ये लोकांनी पाण्याखालची जमीन घेतली होती.

• भाडं किती येईल?

एवढं करूनही चूक होऊ शकते. जमशेदजींचीही झाली. ते तरले, कारण कुर्ल्यात ओतायला त्यांच्याकडे नागपूरची कमाई होती. तुमच्या-माझ्यासारखा माणूस आयुष्यात एकदाच घर घेतो आणि वीस वर्षं हप्ते भरतो. आपल्याकडे दुसरी गिरणी नसते.

जाता जाता एक गोष्ट. एम्प्रेस आणि स्वदेशी या दोन्ही गिरण्या आता बंद आहेत. नागपुरात तलावाकाठी, जिथे सावकाराला फक्त चिखल दिसला होता, तिथे आज मॉल उभा आहे. आणि चुनाभट्टीजवळच्या स्वदेशी मिलमधली जी यंत्रं जमशेदजींना रडवून गेली, त्यांचा मागमूसही नाही. उरली आहे ती जमीन.